पंच्याऐंशी टक्के

आमच्या ऑफिसात राजकारण बोलायचं नाही
असा नियम आहे. तशी मेल आली होती
मतदानाच्या आधल्या आठवड्यात,
खाली एचआरची स्मायली.
आम्ही पाळतो. पॅन्ट्रीत बिर्याणीवर बोलतो,
चांदिवलीच्या भाड्यांवर, कोणाच्या कॅनडाच्या पीआरवर,
फार तर मेट्रोने खणलेल्या रस्त्यावर,
तेही पक्षाचं नाव न घेता.

काम काय, तर हजेरी.
पालिकेचं टेंडर, सगळ्यात कमी बोली आमची.
झाडणाऱ्यांनी चौकीत यावं, मशीनपुढे चेहरा धरावा,
मशीनने हो म्हणावं किंवा नाही.
हो कधी म्हणायचं, तेवढा आकडा ठरवायचा होता.
बुधवार होता, एक वाजत आलेला.
गायतोंडे म्हणाला, पंच्याऐंशी ठेव,
ऐकायला बरं वाटतं.
कोणी हात वर केला नाही. कोणी मतं मोजली नाहीत.
जेवायला गेलो.

मी टेस्टर. शंका काढायची
आणि शुक्रवारच्या आत मिटवायची, याचा मला पगार.
चाचणीला आमचेच चेहरे घेतले,
एसीतले, कोरलेल्या दाढ्यांचे, झोप झालेले.
अठ्ठ्याण्णव टक्के आले. केक कापला.

गोवंडीच्या एका चौकीतून तक्रार आली
म्हणून मला पाठवलं.
पहाटेचे सव्वासहा. ट्यूबलाइटभोवती चिलटं,
भिंतीवर बाबासाहेब, शेजारी बंद पडलेलं घड्याळ,
त्याच्याखाली आमचं मशीन, अजून प्लास्टिक न काढलेलं.

कांता हिवाळे, वय सेहेचाळीस,
नवऱ्याच्या जागी वारस म्हणून लागलेली.
मशीन तिला तीनदा नाही म्हणालं.
मागच्या रांगेत कोणी काही तरी बोललं होतं
आणि तिला हसू आवरत नव्हतं.
‘हसू नको गं,’ मुकादम ओरडला, ‘हसलीस की अडकतं ते.’
मग तिने गाल सैल सोडले,
नजर कुठे तरी भिंतीच्या पार नेली,
ओठ असे मिटले
की आतून कोणी कडी घातली असावी.
हिरवा दिवा. टिंग.
आणि उरलेलं हसत हसत
तिने झाडू उचलला.

मी लॅपटॉपवर तिची फाइल उघडली.
फोटो नऊ वर्षांपूर्वीचा, वॉर्ड ऑफिसात,
निळ्या पडद्यापुढे, कागद जमवायच्या घाईत काढलेला.
दोन रकाने वर नवऱ्याची तारीख होती.
मधे नऊ दिवस.

म्हणजे रोज सकाळी आम्ही तिच्याकडे
तो दिवस मागत होतो,
पंच्याऐंशी टक्के.

‘नवा फोटो काढू,’ मी म्हणालो.
‘त्याला अर्ज लागतो,’ मुकादम म्हणाला, ‘अर्जाला सही,
आणि सहीवाले साहेब इलेक्शन ड्यूटीवर.’
कांताबाई म्हणाली, ‘राहू द्या हो. सवय झाली.
आधी त्यांना आठवायला लागायचं.
आता नुसतं तोंड करते.’

ऑफिसात येऊन हे सगळं लिहिलं, शक्य तितक्या इंग्रजीत.
गायतोंडेने वाचलं. वाईट माणूस नाही तो,
आईला दर रविवारी डायलिसिसला नेतो.
म्हणाला, ‘म्हणजे लागतेय ना हजेरी?’
आणि तिकीट बंद केलं.

त्या रात्री मी पंच्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर केले.
कोणाला न विचारता. जसं आधी ठरलं होतं, तसंच.
आठ दिवस कोणाला कळलं नाही. आठ दिवस
गोवंडीची एकही तक्रार नाही.
मग कळलं की चेंबूरच्या एका चौकीत
महिनाभर गावी गेलेल्या माणसाची हजेरी लागतेय,
त्याचा धाकटा भाऊ मशीनपुढे उभा राहतो,
आणि अर्धा पगार मुकादम घेतो.
नव्या नगरसेवकाला पहिला प्रश्न हवाच होता.
त्याने तो विचारला, टेबल आपटून.
कॅमेरे होते.

आकडा आता नव्वद आहे.
नव्वदला तिला काय करावं लागत असेल
ते बघायला मी गेलेलो नाही.